एका सेकंदाची शाळा

शेवटच्या बाकावरून वर्ग जेवढा दिसतो त्याहून जास्त ऐकू येतो. समोर नुसत्या पाठी असतात. तेल चोपडून घट्ट घातलेल्या वेण्या, कॉलरवर उमटलेली शाईची बोटं, पावसातून धावत आलेल्या एखाद्याच्या मानेवर चिकटून राहिलेलं गुलमोहराचं बारीक पान. बी.एड.च्या छात्राध्यापकांचे सराव पाठ बघणं हे माझं काम. त्यामुळे पावसाळा ओसरेपर्यंत मी कुठल्या ना कुठल्या हायस्कुलात, सातवीच्या मुलांसाठी केलेल्या बाकात गुडघे मुडपून बसलेली असते. मांडीवर निरीक्षण वही, वहीत पाठाचं टाचण, आणि सगळीकडे ओल्या दप्तरांचा वास. बघण्यासारखं फार नसतं, म्हणून मी ऐकत बसते.

वर्गाच्या आवाजाला एक ठेका असतो. ‘वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार...’ असं म्हणत शिक्षक शेवटचा शब्द अधांतरी सोडतात आणि पन्नास-साठ गळे तो झेलतात, ‘करताऽऽत!’ ‘समजलं?’ ‘होऽऽ!’ ‘कुणाला काही शंका?’ हा प्रश्न धड संपायच्या आत ‘चला, पुढे.’ आपण सगळेच या ठेक्यात वाढलो. व्हरांड्यातून जाणाऱ्याला असा वर्ग मोठा जिवंत वाटतो. मागे बसलं की कळतं, त्यातल्या बऱ्याच जणांचे नुसते ओठ हलतायत.

कधीतरी खरा प्रश्नही येतो. ‘पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?’ पुढच्या बाकावरचे दोन हात लगेच वर. बाकीच्या पाठी तशाच. मग शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतात, जरा मोठ्याने. मग जरा सोपा करून. मग त्यातलं अर्धं उत्तर स्वतःच सांगून. ‘हवेत काय जास्त असतं? बा... बा...’ आणि वर्ग म्हणतो, ‘बाष्प!’ झालं. हे सगळं होईपर्यंत माझ्या शेजारच्या मुलीने नुकती मान वर केलेली असते. ती खिडकीबाहेर बघत असते. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळून येऊ लागलेलं असतं, तोवर प्रश्न दुसरीकडे गेलेला असतो.

ही प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी अक्षरशः मोजली. त्यांच्याकडे प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती होत्या. तिकडे तेव्हा विज्ञानाचे नवे अभ्यासक्रम आले होते. मुलांच्या हातात साहित्य होतं, प्रयोग होते, आणि तरीही वर्गातली बोलणी उलटतपासणीसारखी तुटक चाललेली. आवाज कागदावर रेघांनी उमटवणारं एक यंत्र घेऊन त्या मधली सपाट रेघ मोजायला बसल्या. १९७४ साली त्यांनी सहा वर्षांच्या कामाचा निष्कर्ष छापला. तीनशेहून अधिक ध्वनिफितींमध्ये, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर सुरू झालं नाही तर प्रश्न पुन्हा विचारायचा, बदलायचा, नाहीतर दुसऱ्याकडे वळायचं. आणि मूल बोललंच, तर त्याचं बोलणं थांबल्यावर शिक्षक पुन्हा बोलायला लागायचे ते ०.९ सेकंदात.

एक सेकंद. तुम्हाला मागचं वाक्य वाचायलासुद्धा त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

मग रो बाईंनी शिक्षकांना थांबायला शिकवलं. फार नाही, तीन सेकंद किंवा थोडे अधिक. हे शिकवणं सोपं गेलं नाही, पण ज्यांना जमलं त्यांच्या वर्गांत जे घडलं ते वाचताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. मुलांची उत्तरं लांबली, कित्येक पटींनी लांबली. न विचारता मुलं बोलू लागली. ‘माहीत नाही’ आणि नुसतं गप्प राहणं कमी झालं. मुलं एकमेकांच्या म्हणण्याला जोडून बोलू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. आणि एक फार बारीक गोष्ट त्यांनी टिपली आहे. उत्तराच्या शेवटी मुलांचा आवाज वर चढतो ना, ‘ऑक्सिजन...?’ असा, जणू उत्तर देतानाही परवानगी मागितल्यासारखा, तो चढ कमी झाला. मागच्या बाकावर बसून इतकी वर्षं मी तो चढता सूर ऐकत आले आहे. तो आपल्या शाळांचा राष्ट्रीय सूर म्हणावा इतका सर्वत्र आहे. दोन सेकंदांनी तो उतरू शकतो, हे मला कुणी नुसतं तोंडी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ध्वनिफितींतली सगळ्यात बोचरी गोष्ट वेगळीच आहे. रो बाईंनी शिक्षकांना वर्गातली पाच हुशार आणि पाच मागे पडलेली मुलं कोणती ते विचारलं आणि मग दोन्ही गटांसाठी ते किती थांबतात ते पाहिलं. हुशार मुलांना जवळजवळ दुप्पट वेळ मिळत होता. ज्याला विचार करायला जास्त अवधी हवा, त्याच्या वाट्याला कमी. यात कुणाची दुष्टबुद्धी नाही. हुशार मूल थांबलं तर आपल्याला वाटतं ते विचार करतंय. मठ्ठ ठरवलेलं मूल थांबलं तर वाटतं त्याला येत नाही, उगीच कशाला त्याची फजिती. म्हणजे आपण दयाबुद्धीनेच त्याचा सेकंद काढून घेतो. आडात खडा टाकल्यावर आवाज यायला वेळ लागला तर आपण आडाची खोली ओळखतो, आड कोरडा आहे असं म्हणून निघून जात नाही. मुलांच्या बाबतीत हे शहाणपण का कुणास ठाऊक, सुचत नाही.

आपल्याकडे तर या एका सेकंदात मुलाला आणखी एक काम करायचं असतं. घरात ‘व्हतं’, ‘नव्हं’, ‘लई’ बोलणाऱ्या मुलाला उत्तर सुचतं ते घरच्या बोलीत. मग ते पुस्तकी मराठीत घालायचं, कारण मागे एकदा ‘नीट बोल’ असं ऐकलेलं असतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा सातपुड्यातल्या पावरा मुलाला तर मराठी हीच परकी. आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात विचार मराठीत, शब्द इंग्रजीत, आणि मधे व्याकरणाची भीती. उत्तर डोक्यात तयार असतं आणि तोंडापर्यंत येताना नदी ओलांडत असतं. आपण या काठावर उभे राहून म्हणतो, ‘बस खाली.’

बी.एड.च्या अभ्यासक्रमात हे सगळं नाही असं नाही. चेतक बदल कौशल्यात ‘विराम’ हा एक घटक आहेच. एका मुलीने टाचणात प्रश्नाच्या पुढे कंसात लिहून आणलं होतं, ‘येथे ३ सेकंद थांबणे’. आणि ती थांबलीही. डोळे रोखून, खडू धरलेला हात तसाच हवेत ठेवून, मनातल्या मनात आकडे मोजत. समोरच्या मुलाला वाटलं असणार की आता फटका बसतो. म्हणून छात्राध्यापकांना सांगावं लागतं, की थांबणं म्हणजे टक लावून बघणं नव्हे. फळ्याकडे बघा, खिडकीकडे बघा, स्वतःसुद्धा त्या प्रश्नाचा विचार करत असल्यासारखे दिसा. खरं तर विचार कराच. आणि ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती?’ असल्या प्रश्नाला तीन काय तीस सेकंद थांबलात तरी त्यातून काही निघणार नाही. थांबण्याजोगा प्रश्न आधी हवा.

आमच्या अभ्यासक्रमात नेड फ्लँडर्सही असतो. वर्गात कोण किती बोलतं हे मोजण्याचा त्याचा तक्ता प्रसिद्ध आहे. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी एक आकडा मांडायचा. एक ते सात हे आकडे शिक्षकाच्या बोलण्याचे, आठ आणि नऊ विद्यार्थ्यांचे, आणि उरलेला दहा कशाचा, तर ‘शांतता किंवा गोंधळ’. विचारात बुडालेला वर्ग आणि मारामारीला आलेला वर्ग एकाच आकड्याखाली! फ्लँडर्सला तसं म्हणायचं नव्हतं हे मला कळतं, तो संवाद मोजत होता आणि जिथे संवाद नाही ते सगळं त्याने एका खणात टाकलं. तरी हा तक्ता परीक्षेसाठी पाठ करताना आपल्या मनात काहीतरी रुजतंच. शिवाय दर तीन सेकंदांनी टिपणाऱ्या वहीत एका सेकंदाची शांतता उमटणारच कशी? ती जाळीतून गळून जाते. फ्लँडर्सने सांगितलेलं प्रमाण मात्र अजून खरं वाटतं. वर्गात दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ शिक्षक.

याच्या अगदी उलट बाजूने एका माणसाने वर्गाकडे पाहिलं होतं. शिकागो विद्यापीठातले फिलिप जॅक्सन. त्यांचं वर्गजीवनावरचं पुस्तक १९६८ साली आलं. प्राथमिक वर्गातल्या शिक्षकाचे दिवसाला हजारापर्यंत परस्परव्यवहार होऊ शकतात, असं त्यांनी लिहिलं, आणि ते वाचून कुठल्याही मास्तराला आपली दमणूक कुणीतरी पाहिली असं वाटेल. पण जॅक्सन तिथे थांबले नाहीत. त्यांनी पाहिलं की मूल शाळेत दिवसभर वाट बघत असतं. रांगेत, पाण्याच्या नळापाशी, वही तपासून घेताना, हात वर करून आपली पाळी येईपर्यंत. शाळेचा न लिहिलेला अभ्यासक्रम त्यांनी ज्या गोष्टींतून दाखवला, त्यात हे ताटकळणं पहिलं. मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोठ्यांसाठी थांबतं, आणि मोठ्यांना त्याच्यासाठी तीन सेकंद थांबवत नाही.

वाट बघणाऱ्या शाळा आपल्याकडे झाल्याच नाहीत असं कसं म्हणू? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथली वारली मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जायची. शाळेच्या वेळेला मुलं येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली बसलीयत, आणि शिकणं त्यांच्या सवडीने चाललंय. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या कुरणशाळेला चार ओळी मिळतात. मला ती चार पानांची वाटते.

पण सेकंदाकडे परत येते, कारण माझा राग तिथे आहे.

एका तासाला, पाऊस कोसळत असताना, बाष्पीभवनाचाच पाठ चालला होता. छात्राध्यापिका मूळची शांत मुलगी. कपडे वाळण्याचा प्रश्न विचारला आणि ती थांबली. मुद्दाम थांबली की पत्र्यावरच्या पावसामुळे तिला थांबावंच लागलं, सांगता येत नाही. पुढचे दोन हात वर होते, ते तिने तसेच ठेवले. आवाज जरा कमी झाला तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं चुलीच्या वर दोरी बांधल्याली हाय. तितं वाळत्यात की कापडं.’ वर्ग हसला. ती हसली नाही. ‘बरोबर’ म्हणाली नाही, ‘चूक’ म्हणाली नाही, पुन्हा थांबली. मग त्याच्याच पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून त्याला म्हणाली, ‘पर चुलीपाशी पन हवा पावसाळ्यातलीच ना?’

मी वहीवर पेन टेकवून तशीच राहिले. दमट हवा म्हणजे काय, ती तापवली की तिची बाष्प सामावण्याची ताकद का वाढते, सापेक्ष आर्द्रता हा शब्द कशासाठी लागतो, हे सगळं त्या एका वाक्याच्या पोटात होतं. वर्ग त्यात उतरला. कुणी म्हणालं धुरामुळे वाळतात, कुणी म्हणालं गरमीने, कुणी म्हणालं मग इस्त्रीनेही वाळायला हवेत आणि वाळतातच. छात्राध्यापिकेने पाचेक वाक्यांच्या वर काही सांगितलं नसेल. घंटा झाली तेव्हा टाचणातले शेवटचे दोन मुद्दे राहिले होते.

आमच्या मूल्यमापन तक्त्यात ‘पाठ वेळेत पूर्ण केला’ याला गुण आहेत.

रो बाईंना वाटायचं की मूल बोलून झाल्यावरचं थांबणं पहिल्या थांबण्याहूनही महत्त्वाचं. मला हे पटतं. आपल्या शाळांत उत्तरावर झडप घालायची फार घाई असते. ‘शाब्बास!’, ‘व्हेरी गुड!’, ‘टाळ्या वाजवा त्याच्यासाठी!’ टाळी पडली की बाकीच्यांनी विचार करणं संपवलं म्हणून समजा. बरोबर उत्तर सापडलं, आता आणखी काय शोधायचं? काही वर्गांत तर शिक्षकाच्या बोलण्याचा चौथा हिस्सा नुसत्या शाबासकी-नापसंतीचा होता, आणि जिथे शाबासकीचा असा वर्षाव, तिथे मुलं उत्तर देताना शिक्षकांच्या तोंडाकडे बघत, असं रो बाईंच्या कामातून दिसतं. चुलीवरच्या दोरीचं उत्तर ऐकून त्या छात्राध्यापिकेने ‘शाब्बास’ म्हटलं असतं, तरी पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली नसती.

शिक्षकांना दोष द्यायला मी बसलेले नाही. शाळेला शांततेचं वेड असतं आणि शांततेची भीतीही असते. भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं, पण ते मुलांसाठी. शिक्षक गप्प, मुलं गप्प, कुणी छताकडे बघतंय, कुणी बोटांवर काही मोजतंय, अशा वर्गाच्या दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिले तर पहिला प्रश्न ‘काय चाललंय?’ हाच असतो. तो प्रश्न एकदा ऐकलेला शिक्षक पुन्हा गप्प राहत नाही. सतत बोलत राहतो, म्हणजे काम चाललंय हे कानांवर पडत राहील. एका सेकंदाची ही सवय एकट्या शिक्षकाची नसते. ती शाळेच्या भिंतींत मुरलेली असते.

जेम्स स्टिगलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली जपानमधला चौथीचा एक गणिताचा वर्ग पाहिला, त्याची हकीकत तो सांगतो. मुलं कागदावर घनाकृती काढायला शिकत होती. ज्याची आकृती पूर्ण फसली होती त्यालाच शिक्षकाने फळ्यावर बोलावलं. तो काढत राहिला, पुसत राहिला. मधूनमधून शिक्षक वर्गाला विचारायचे, जमली का? मुलं माना हलवायची, नाही. घाम फुटला तो स्टिगलरला. मुलगा शांत होता. तासाच्या शेवटी आकृती जमली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. जपानचं सगळंच गोड मानायचं काही कारण नाही, तिथल्या शाळांचीही आपली दुखणी आहेत. पण चुकत असलेल्या मुलासाठी अख्खा वर्ग थांबू शकतो आणि त्यात त्याचा अपमान होत नाही, एवढं त्या तासात दिसलं. आपल्याकडे फळ्यापाशी बोलावणं म्हणजे काय, ते इथे लिहायला नको.

वेळ नाही, हे उत्तर मला सगळीकडे मिळतं. कायदाही या कात्रीत सापडला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ म्हणतं, शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळात पुरा करावा. कलम २९ म्हणतं, मूल भीती आणि दडपणातून मोकळं व्हावं, त्याला आपलं मत मोकळेपणी मांडायला मदत व्हावी. पहिल्याची तपासणी होते, नोंद होते, नोटीस निघू शकते. दुसऱ्याबद्दल कुणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि खरंच हिशोब केला तर वेळ किती लागतो? पस्तीस मिनिटांच्या तासात वीस प्रश्न धरले आणि प्रत्येकापुढे दोन सेकंद जास्त थांबलं, तर चाळीस सेकंद होतात. हजेरी घ्यायला याहून जास्त लागतात. फळा पुसायलाही.

या संशोधनाला आता पन्नास वर्षं झाली. ज्या शिक्षकाला सांगावं तो मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी घंटा झाली की ठेका पुन्हा सुरू होतो. प्रशिक्षणं घेऊन हे सुटणार नाही असं माझं मत झालं आहे. म्हणून मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना आणि आमच्यासारख्या वह्या घेऊन मागे बसणाऱ्यांना एवढीच विनंती: आपापल्या निरीक्षण तक्त्यातला ‘पाठ वेळेत पूर्ण’ हा रकाना काढा, आणि त्या जागी लिहा, ‘शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी शिक्षक किती थांबले?’ आणि त्याला गुण ठेवा.